आईचं क्रिएटिनिन १.७ झालंय, ते खाली कसं आणायचं?

तुम्ही कळवलेली माहिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ६०. मधुमेह १४ वर्षांपासून, बीपीही बरीच वर्षं. क्रिएटिनिन तीन वर्षांपूर्वी १.१ होतं, गेल्या वर्षी १.४ आणि आता १.७. लघवीत प्रोटीन २+. गेल्या वर्षी टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी सुरू केली, तीन आठवड्यांत क्रिएटिनिन १.४ चं १.५ झालं, म्हणून ती बंद करून अम्लोडिपिन ही बीपीचीच दुसरी गोळी दिली. तेव्हापासून संध्याकाळी पायांवर सूज येते. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात. परवा डॉक्टर म्हणाले, ‘किडनी खराब होत चालली आहे, पुढेमागे डायलिसिस लागेल,’ आणि घर हादरलं. मामा काढा सुरू करायला सांगतात, शेजारच्या काकू रोज चार लिटर पाणी प्यायला सांगतात, डाळ आणि दूध तर बंदच केलंय. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात: क्रिएटिनिन खाली कसं आणायचं आणि डायलिसिस टळेल का.

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्या काळजीने तुमची झोप उडाली आहे. डायलिसिस कधीच लागणार नाही अशी हमी मी देऊ शकत नाही, आईला न तपासता तर नाहीच. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ती वेळ पुष्कळ लांब ढकलता येईल असं मला वाटतं. आज ज्या औषधांनी हे करता येतं त्यातली काही दहा वर्षांपूर्वी आमच्या हातात नव्हती.

पहिला प्रश्न मात्र बदलायला हवा. क्रिएटिनिन हा स्नायूंमधून रोज तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. किडनी तो बाहेर टाकते, म्हणून रक्तातल्या त्याच्या पातळीवरून किडनी किती काम करते याचा अंदाज येतो. तो आकडा नुसता मोजमाप आहे. तापमापक बर्फात बुडवला म्हणून ताप उतरत नाही. विचारायचं ते हे: आईच्या किडनीचं काम कशामुळे कमी होतंय, किती वेगाने कमी होतंय आणि तो वेग कसा मंदावता येईल?

ओपीडीत मी एक विचित्र गोष्ट वारंवार पाहते. चुकीच्या कारणांनी क्रिएटिनिन कमी होतं आणि घरचे खूश होतात. योग्य कारणाने ते थोडं वाढतं आणि चांगलं औषध बंद पडतं. तुमच्या घरी दुसरी गोष्ट घडून गेली आहे आणि पहिली घडण्याच्या बेतात आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी आकडे नीट वाचू. क्रिएटिनिनवरून वय आणि लिंग लक्षात घेऊन ईजीएफआर काढतात. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते याचा तो अंदाज असतो. २०२१ च्या सूत्राने आईचे आकडे मांडले तर तीन वर्षांपूर्वी तो साधारण ५८ होता, गेल्या वर्षी ४३ आणि आता ३४. म्हणजे ज्या १.१ ला लॅबने ठळक अक्षरं किंवा चांदणी लावली नसेल, तेव्हाच काम ६० च्या खाली गेलेलं होतं. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. स्नायू कमी असल्यामुळे त्यांचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. पंचविशीतल्या कसरत करणाऱ्या मुलाचं १.२ असेल तर त्याचा ईजीएफआर ८५ च्या आसपास येतो. साठीतल्या बाईचं तेच १.२ म्हणजे जेमतेम ५२. रिपोर्टवर दोघांसमोर एकच नॉर्मल रेंज छापलेली असते. म्हणून ज्यांना मधुमेह किंवा बीपी आहे त्यांनी नुसतं क्रिएटिनिन न बघता ईजीएफआर लिहून घ्यावा.

६० च्या खालचा ईजीएफआर किंवा लघवीतून जाणारं प्रोटीन तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं, तर त्याला दीर्घकालीन किडनी विकार म्हणतात. ३० ते ४४ हा तिसऱ्या टप्प्याचा दुसरा भाग, आई तिथे आहेत. १५ च्या खाली पाचवा टप्पा. पण टप्प्यापेक्षा मी उताराकडे जास्त बघते. तीन वर्षांत ५८ वरून ३४ म्हणजे वर्षाला सुमारे आठ. चाळिशीनंतर वयामुळे दरवर्षी एखादा अंक कमी होणं स्वाभाविक आहे. पाचपेक्षा जास्त घट म्हणजे वेग जास्त. याच वेगाने गेलं तर तीनेक वर्षांत आकडा दहाच्या आसपास येईल. तोच उतार वर्षाला अडीचवर आणता आला तर तिथे पोचायला नऊ-दहा वर्षं लागतील. सगळे उपचार या फरकासाठी आहेत.

अर्थात तीन रिपोर्टांवरून काढलेली रेघ पक्की नसते. जुलाब चालू असताना, पेनकिलरच्या आठवड्यात किंवा आदल्या रात्री मटण खाऊन रक्त दिलं असेल तरी क्रिएटिनिन वर दिसतं. म्हणून आई बऱ्या असताना, शक्यतो त्याच लॅबमध्ये, दोन-तीन आठवड्यांत तपासणी पुन्हा करा.

त्यासोबत लघवीची एसीआर ही तपासणी करून घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं ते प्रमाण. ३० च्या खाली ठीक, ३० ते ३०० मध्यम, ३०० च्या वर जास्त. २+ वरून अंदाज येतो, पण एसीआर आकड्यात मिळते आणि औषध लागू पडतंय का हे तिच्यावरून कळतं. लघवीतून जितकं जास्त प्रोटीन जातं तितकी किडनी लवकर झिजते. ही तपासणी महाग नाही, तरी चौदा वर्षं मधुमेह असलेल्या माणसाची ती एकदाही झालेली नसते, हे मला अजूनही खटकतं.

आता कारण. मधुमेह आहे म्हणजे किडनीही मधुमेहामुळेच गेली, असं गृहीत धरू नका. बहुतेक वेळा ते खरं असतं, पण वेग एवढा असेल तेव्हा मी आणखी शोधते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. मधुमेहाने किडनी खराब झालेल्या पुष्कळांच्या पडद्यावरही बदल दिसतात. पडदा अगदी स्वच्छ आणि लघवीत भरपूर प्रोटीन असेल तर मला दुसऱ्या आजाराची शंका येते. सोनोग्राफीत किडनीचा आकार, खडा, अडथळा कळतो. मधुमेहात किडनी बरेचदा आकाराने नॉर्मलच राहते, त्यामुळे ‘सोनोग्राफी चांगली आली’ यावर निश्चिंत होऊ नये. लघवीत रक्तपेशी किंवा पू आहे का तेही बघावं लागतं. आणि साठीच्या माणसाला पाठदुखी आणि रक्त कमी असेल तर मायलोमा नावाचा रक्ताचा आजार नाही ना, यासाठी मी रक्तातल्या प्रोटीनची वेगळी तपासणी करते. लघवीच्या साध्या पट्टीवर त्यातलं प्रोटीन धड दिसत नाही. आईला यातलं काही नसण्याची शक्यताच जास्त, पण एकदा खात्री करून घ्यावी.

गुडघ्यांच्या गोळीबद्दल मात्र कशाचीही वाट पाहू नका. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, नायमेसुलाइड, यातलं काहीही असेल तर आजच थांबवा. या गोळ्या किडनीत येणारा रक्तपुरवठा आवळतात. तरुण, धडधाकट माणसाची किडनी ते सहन करते. ३४ ईजीएफआरची, त्यात बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असलेली किडनी करत नाही. मेडिकलवाला पुडीत बांधून देतो ती ‘दुखण्याची गोळी’ बहुतेक याच गटातली असते. स्ट्रिपच्या मागचं नाव वाचा. दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत. शिवाय शेक, लावायचं मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणं. वर्षानुवर्षं सकाळी घेतली जाणारी गॅसची गोळीही खरंच लागते का, ते विचारा. काहींच्या किडनीला तिने सूज येते.

आता टेल्मिसार्टन. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गटातल्या गोळ्या बीपी कमी करतात, पण आम्ही त्या देतो ते मुख्यतः किडनीच्या गाळण्यांमधला दाब उतरवण्यासाठी. मधुमेहाच्या किडनीत हा आतला दाब वाढलेला असतो, त्यानेच प्रोटीन गळतं आणि गाळणी फाटत जाते. दाब उतरला की गाळण्याचं काम सुरुवातीला थोडं मंदावतं आणि क्रिएटिनिन जरासं वर जातं. औषध काम करतंय याची ती खूण आहे. आमचा नियम असा: सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं, क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं आणि पोटॅशियम आटोक्यात असलं तर गोळी चालू ठेवायची. आईचं १.४ चं १.५ झालं, म्हणजे सात टक्के. तेवढ्यावर ती बंद करायचं कारण नव्हतं. लोसार्टनने मधुमेही रुग्णांची किडनी निकामी होणं लांबतं हे २००१ मध्येच मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. किडनी बरीच खराब झाल्यावर या गोळ्या बंद करून फायदा होतो का, हेही तपासून झालंय. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात फायदा दिसला नाही.

तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारा की ही गोळी पुन्हा सुरू करून, झेपेल तितका डोस वाढवता येईल का. पोटॅशियम जास्त असेल किंवा किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद असल्याची शंका असेल तर ते वेगळा निर्णय घेतील, आणि तो अधिकार त्यांचाच आहे. तुम्ही घरातली जुनी स्ट्रिप काढून सुरू करू नका.

पायांच्या सुजेचं कोडंही इथे थोडं सुटतं. अम्लोडिपिनने पुष्कळ जणांच्या, विशेषतः बायकांच्या, घोट्यांना सूज येते. ती किडनी बिघडल्याची खूण असेलच असं नाही. पण लघवीतून प्रोटीन जाऊन आणि अंगात मीठ साठूनही सूज येते, हृदयामुळेही येते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगलेलं दिसतं का, सपाट झोपल्यावर दम लागतो का, आठवड्यात वजन दोन किलोंनी वाढलं का, हे पाहून डॉक्टरांना सांगा.

बीपी घरी मोजा. दंडावर पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, सकाळी गोळीआधी आणि रात्री, असे आठवडाभराचे आकडे वहीत लिहून न्या. बहुतेक रुग्णांसाठी मी १३०/८० च्या खालचं लक्ष्य धरते. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर एवढा हट्ट धरत नाही.

दुसरा मोठा आधार म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली औषधं. साखर लघवीतून बाहेर काढणाऱ्या गोळ्या म्हणून त्या आल्या, आणि मग लक्षात आलं की किडनी आणि हृदय दोन्हीला त्या वाचवतात. २०१९ मध्ये कॅनाग्लिफ्लोझिनचा आणि २०२० मध्ये डॅपाग्लिफ्लोझिनचा मोठा अभ्यास आला. दुसऱ्यात ४,३०० वर रुग्ण होते, काहींना मधुमेहही नव्हता, आणि किडनी वेगाने खालावण्याचा, ती निकामी होण्याचा किंवा किडनीमुळे वा हृदयामुळे मृत्यू येण्याचा धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. भारतात २०२० च्या शेवटी डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं आणि गोळी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. ईजीएफआर २० च्या वर असला तर ती सुरू करता येते, आई त्यात बसतात. इथेही पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन थोडं चढतं आणि मग उतार मंदावतो. या दोन गटांनंतरही प्रोटीन जात राहिलं तर फिनेरेनोन नावाची गोळी आहे, वजन जास्त असेल तर सेमाग्लूटाइड या मधुमेहाच्या औषधाचाही विचार होतो. ते पुढचं.

डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या बायकांना दोन गोष्टी मी आवर्जून सांगते, कारण त्या लाजेपोटी विचारत नाहीत. लघवीच्या जागी बुरशी येऊन खाज सुटू शकते. प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन कोरडं करा, खाज आली तर लपवू नका, साध्या मलमाने ती बरी होते. आणि निर्जळी किंवा दिवसभराच्या कडक उपवासाला ही गोळी घेऊ नका. पोटात काही नसताना ती घेतली तर साखर फारशी न वाढताच रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. नवरात्राचे नऊ दिवस धरायचे असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. जुलाब, उलट्या, तापात काही खाल्लं-प्यायलं जात नसेल तर ही गोळी, टेल्मिसार्टन, मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणारी गोळी तात्पुरती थांबवायची असते, आणि जेवण सुरळीत झालं की पुन्हा सुरू करायची. कोणती गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्या. जुलाबांचे दोन दिवस अंगावर काढून क्रिएटिनिन चारवर नेलेले रुग्ण दर पावसाळ्यात येतात.

म्हणजे आत्तापर्यंतचं असं: पेनकिलर बंद, एसीआर आणि पोटॅशियमची तपासणी, कारणाचा शोध, घरचं बीपी, आणि किडनीला जपणाऱ्या दोन गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं. आता ज्यावर घराघरांत सगळ्यात जास्त वाद होतात त्याकडे, जेवणाकडे येते.

डाळ-दूध पुन्हा सुरू करा. प्रोटीन अति नको, पण बंदही नको. वजनाच्या किलोमागे सुमारे ०.८ ग्रॅम, म्हणजे ५५-६० किलोच्या बाईला ४५-५० ग्रॅम. एक वाटी वरणात पाच-सात ग्रॅम असतात. पोळी-भाकरी, वाटीभर आमटी, थोडी उसळ, दही, कधी एखादं अंडं किंवा माशाचा तुकडा, असं आपलं साधं जेवण सहसा त्यापलीकडे जातच नाही. सगळं बंद केलं की स्नायू झिजतात. स्नायू झिजले की क्रिएटिनिन कमी तयार होतं, रिपोर्ट सुधारल्यासारखा दिसतो आणि आई मात्र खंगत जातात. चुकीच्या कारणाने कमी झालेलं क्रिएटिनिन म्हणतात ते हेच. बंद करायचंच तर प्रोटीन पावडर करा.

मीठ मात्र मनापासून कमी करा, कारण मीठ जास्त असेल तर टेल्मिसार्टनसारखी औषधंही नीट काम करत नाहीत. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, आणि तोही सगळं धरून: आमटी-भाजी, भाकरीचं पीठ, ताक, चटणी. ताटात डावीकडे मीठ वाढायची पद्धत थांबवा, लिंबू राहू द्या. लोणचं, पापड, सांडगी मिरची, फरसाण, वेफर्स, बेकरीचे पदार्थ आणि कोकणात असाल तर सुकट-खारं, मीठ मुख्यतः यातून जातं. लिंबू, कोथिंबीर, जिरं, ओलं खोबरं, लसूण यांनी चव येते. तीन आठवड्यांत जिभेला सवय होते. सैंधव वापरलं म्हणजे सुटका नाही, तेही मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड. आणि बाजारात मिळणारं ‘लो सोडियम’ मीठ अजिबात आणू नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, किडनीच्या रुग्णाचं पोटॅशियम त्याने धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

पोटॅशियमचं पथ्य तपासणी बघूनच. ते ४.५ असेल तर केळं, टोमॅटो, मोसंबी यांना घाबरायचं कारण नाही. साडेपाचकडे सरकत असेल तर नारळपाणी, फळांचे रस, बटाटा, रताळं कमी करायचं, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून द्यायचं. उपवासाच्या ताटात बटाटा, रताळं, राजगिरा, शेंगदाणे सगळं एकदम येतं, तेव्हा जपावं. एक फळ मात्र पोटॅशियम कितीही असलं तरी नको: करमळ, ज्याला कुणी कमरख किंवा स्टारफ्रूट म्हणतं. किडनी कमजोर असलेल्यांना त्यातल्या विषारी द्रव्याने न थांबणारी उचकी, भ्रम, अगदी झटकेसुद्धा येऊ शकतात.

चार लिटर पाण्याचा सल्ला काकूंनी प्रेमाने दिला असेल, पण तो मुतखड्याच्या रुग्णाचा सल्ला आहे. आईच्या किडन्या आजच्या स्थितीतही दिवसाला साधारण पन्नास लिटर द्रव गाळतात. दोन लिटर जादा पाण्याने त्या ‘धुऊन’ निघत नाहीत. जास्त पाणी प्यायल्याने किडनीची घसरण मंदावते का, हे कॅनडात तपासलं गेलं आणि २०१८ च्या निष्कर्षात फरक दिसला नाही. पायावर सूज असताना चार लिटर पाण्याने दम लागू शकतो. तहान लागेल तितकं प्यावं, उन्हाळ्यात थोडं जास्त. सूज वाढली तर किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

काढ्याबद्दल. मामांची तळमळ कळते, आणि आयुर्वेदाशी माझं वैर नाही. अडचण ही की बिनलेबलच्या बाटलीत काय आहे हे ना त्यांना माहीत असतं, ना मला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या वनस्पतींच्या मिश्रणात ॲरिस्टोलोकिया वर्गातली वनस्पती आली आणि अनेक बायकांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सरही झाला. पारा असलेल्या औषधांनी आणि गोरं करणाऱ्या क्रीमनेही लघवीतून प्रोटीन जाऊ लागल्याचे रुग्ण आपल्या देशात नोंदले गेले आहेत. शिवाय काढा सुरू करताना बरेचदा पेनकिलरही थांबवलेली असते, क्रिएटिनिन थोडं उतरतं आणि श्रेय काढ्याला जातं. मग गोळ्याही बंद होतात. सहा महिन्यांनी रुग्ण येतो तो दम लागलेल्या अवस्थेत.

अजून एका फसव्या चांगल्या बातमीबद्दल सावध करते. किडनी खालावली की इन्सुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या शरीरात जास्त वेळ टिकतात आणि साखर आपोआप कमी येऊ लागते. घरच्यांना वाटतं मधुमेह बरा झाला. अशा वेळी पहाटे घाम, थरथर, गोंधळ झाला तर आधी साखर द्या, मग डॉक्टरांना फोन करून डोस कमी करून घ्या. ग्लिबेनक्लामाइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती बदलायला हवी. मेटफॉर्मिनचा डोस ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर निम्म्यावर आणि ३० च्या खाली बंद, हेही विचारून घ्या.

हृदयाकडेही बघावं लागेल. आईसारख्या टप्प्यातल्या रुग्णांना डायलिसिसपेक्षा हार्ट अटॅकचा धोका अनेकदा जास्त असतो. म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेकांना लागते, आणि तंबाखू, मशेरी असेल तर ती सुटायलाच हवी. हिमोग्लोबिन, लोह, कॅल्शियम, फॉस्फरस, बायकार्बोनेट वर्षातून एक-दोनदा तपासावं.

लक्षणांची वाट पाहून उपयोग नाही. पाठ किंवा कंबर दुखणं हे सहसा या आजाराचं लक्षण नसतं. लघवीला न बसणारा फेस, रात्री वारंवार उठावं लागणं, थकवा, एवढंच आधी जाणवतं, आणि तेही सगळ्यांना नाही. मळमळ, अंगाला खाज, तोंडाला वाईट चव, ही फार उशिराची लक्षणं. लघवी अचानक खूप कमी होणं, दम लागणं, छातीत धडधड, सुस्ती किंवा गोंधळ यातलं काही झालं तर ओपीडीची तारीख बघत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

डायलिसिसची तयारी आत्ता करायची नाही, पण दोन गोष्टी लवकर केलेल्या बऱ्या. हिपॅटायटिस बी ची लस किडनी बरी असताना चांगली लागू पडते, ती घेऊन टाका. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दलही विचारा. आणि ज्या हाताने आई काम करत नाहीत त्या हाताच्या शिरा जपा. रक्त काढायला, सलाईन लावायला दुसरा हात किंवा तळहाताची मागची बाजू द्या. पुढे कधी फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणं, करायची वेळ आली तर याच शिरांमधून करतात, आणि तो तयार व्हायला दीड-दोन महिने तरी लागतात. शिरा आधीच खराब झाल्या असतील तर मानेत नळी टाकावी लागते, तिचा जंतुसंसर्ग फार त्रास देतो.

ईजीएफआर २० च्या जवळ आला तर किडनीरोपणाबद्दल आधीच बोलायचं असतं. योग्य दाता असेल तर डायलिसिस न करताही थेट रोपण होऊ शकतं. डायलिसिस केवळ क्रिएटिनिन अमुक झालं म्हणून सुरू करत नाहीत; ईजीएफआर सहसा दहाच्या खाली आल्यावर लक्षणं, पोटॅशियम, अंगातलं पाणी बघून ठरवतात. लवकर सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही हे २०१० च्या अभ्यासात दिसलं आहे. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, आणि २०१६ पासूनच्या केंद्राच्या कार्यक्रमातून अनेक जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांना ते मोफत मिळतं.

या आठवड्यात एसीआर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन, पडद्याची तपासणी आणि सोनोग्राफी एवढं करून घ्या, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून एकदा मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. तुमचंही वय सांगा, कारण आईला मधुमेह आणि किडनीचा त्रास असताना तुमची आणि भावंडांची साखर, बीपी, लघवी तपासलेली असायला हवी. एसीआर आणि पोटॅशियमचे आकडे आले की कळवा. टेल्मिसार्टनबद्दल तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते त्यावरून नेमकं सांगता येईल.